धुराचा अर्क

एप्रिल उजाडला की निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्षबागांत खरड छाटणी सुरू होते. हंगामभर घडांचे ओझे वाहिलेल्या काड्या कात्रीखाली येतात आणि ओळींमध्ये त्यांचा थर साचतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणीला पुन्हा तेच. या काड्यांत भुरी-करप्याचे बीजाणू दडून राहतात, वाळलेल्या ओलांड्यांत खोडकिडा असतो. म्हणून कित्येक बागाईतदार त्या बांधावर ओढून पेटवून देतात. कोणी यंत्राने बारीक करून बागेतच आच्छादन म्हणून पसरतात. जिथे पेटवल्या जातात तिथे धूर वर जातो, राख खाली राहते आणि वेलीने वर्षभर उन्हातून साठवलेले बाकी सारे हवेत विरून जाते.

या विरून जाणाऱ्या भागाकडे आता लोकांचे लक्ष गेले आहे. तोच काडीकचरा हवा लागू न देता तापवला, निघालेला धूर नळीतून नेऊन थंड केला, तर एक तांबूस, आंबट, धुरकट वासाचा द्रव हाती येतो. जपानमध्ये त्याला मोकुसाकु म्हणतात. आपल्याकडे तो वुड व्हिनेगर या नावाने बाटल्यांतून विकला जाऊ लागला आहे. मुळांना जोम येतो, कीड दूर राहते, बुरशी आटोक्यात येते, असे त्याच्याबद्दल सांगितले जाते. आणि प्रत्येक वर्णनात एक शब्द हमखास असतो: नैसर्गिक. झाडापासून आलेले, म्हणून मातीला, माणसाला आणि पाण्याला निर्धोक. हा ‘म्हणून’ मला स्वस्थ बसू देत नाही. वनस्पतीपासून आलेली वस्तू अग्नीतून गेल्यावर वनस्पतीच राहते का, आणि तिच्या निर्धोकपणाची हमी तिच्या कुळावरून द्यावी की तिच्या घडणीवरून, हा प्रश्न नाशिकसारख्या जिल्ह्याने तरी नीट विचारला पाहिजे. कारण रोगकिडींच्या भीतीने फवारणी वाढणे आणि फवारणीच्या अंशांमुळे माल परत येणे, ही दोन्ही दुःखे या जिल्ह्याने सोसली आहेत.

लाकूड म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांची गुंफण. उघड्यावर ज्योत लागली की हवेतला प्राणवायू या तिघांना जाळून टाकतो. भांड्याचे तोंड बंद करून बाहेरून आच दिली, तर जळायला प्राणवायूच मिळत नाही आणि लाकडाचे मोठे रेणू उष्णतेने तुटू लागतात. या क्रियेला पायरोलिसिस म्हणतात. दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे हेमिसेल्युलोज मोडू लागते आणि तीनशेच्या पुढे सेल्युलोज; लिग्निन मात्र दोघांच्या आधीपासून दोघांच्या नंतरपर्यंत सावकाश विघटत राहते. भांड्यात कोळसा उरतो, वाफेचा द्रव होतो आणि जो वायू थंड होऊनही वायूच राहतो तो भट्टीखाली जाळता येतो. सावकाश तापवले तर ढोबळमानाने तिघांचा वाटा एकेक तृतीयांश पडतो. काही क्षणांत पाचशे अंशांच्या आसपास नेऊन वाफ ताबडतोब थंड केली, तर वजनाच्या सत्तर टक्क्यांपर्यंत तेलच हाती येते. म्हणजे झाड तेच असले तरी आच किती, किती वेळ आणि वाफ कुठे पकडली यावर निघणारी वस्तू पालटते. या साऱ्या विषयाचे मर्म इथे आहे.

सावकाश निघालेला द्रव काही महिने हलवू न देता ठेवला की त्याचे थर पडतात. वर हलक्या तेलाचा पातळ पापुद्रा येतो, तळाशी काळे डांबर बसते आणि मध्ये राहते ते वुड व्हिनेगर. त्यात ऐंशी ते नव्वद टक्के पाणी असते. उरलेल्यात अॅसेटिक आम्ल सर्वांत जास्त, आणि त्याखेरीज मिथेनॉल, अॅसिटोन, फुरफुराल, फॉर्माल्डिहाइड, फिनॉल आणि त्याची भावंडे, अशी दोनशेहून अधिक संयुगे. सामू तीनच्या आसपास. आंबटपणा हेमिसेल्युलोजकडून आला, धुराचा वास लिग्निनकडून. यांतली बहुतेक संयुगे जिवंत झाडात या रूपात नव्हतीच. ती आगीने घडवली आहेत.

आपल्या देशाला ही विद्या नवी नाही. रसशास्त्रात पाताळयंत्र वर्णिलेले आहे. जमिनीत खड्डा घेऊन त्यात रिकामे भांडे ठेवायचे, त्यावर तळाला भोके पाडलेले मडके बसवायचे, सांधा मातीने लिंपायचा आणि वरून गोवऱ्यांचा जाळ करायचा. आच वरून लागते, तेल खाली गळते. बिब्ब्याचे तेल काढण्याची ही रीत महाराष्ट्राच्या खेड्यांत चांगली माहीत होती. हे तेल टाचांच्या भेगांना लावत, आणि तेच तेल नको तिथे लागले की अंगावर फोड उठत. वैद्यकाने म्हणूनच बिब्बा वापरण्याआधी विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचे शोधन सांगितले आणि मात्रेचे बंधन घातले. झाडाच्या फळाचे तेल आहे म्हणून ते सौम्य असेल, असे त्या परंपरेने कधी मानले नाही. निसर्गाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या आजच्या बाटल्यांपेक्षा ती परंपरा अधिक सावध होती.

नाशिकच्या पश्चिमेला, इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरपट्ट्यात, आणखी एक जुनी रीत आहे: राब भाजणे. भात-नागलीची रोपे जिथे टाकायची त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचतात, वरून माती भुरभुरतात आणि वाऱ्याच्या उलट्या अंगाने पेटवतात. मातीच्या त्या थरामुळे आग भडकत नाही, धुमसते. तणांचे बी मरते, पालाश-स्फुरद मोकळे होते आणि धूर मातीत मुरतो. हवेला आवर घालून केलेले हे अर्धवट जाळणे पायरोलिसिसच्या फार जवळचे आहे. धुराचा रोपांशी काय संबंध, असे पूर्वी कोणी विचारले असते तर त्याला अडाणी ठरवले असते. पण 1990 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी धुरामुळे रानातले बी रुजते हे दाखवले आणि 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी धुरातून ते करणारे संयुगच वेगळे काढले. सेल्युलोज जळताना तयार होणारे हे संयुग अत्यंत सूक्ष्म प्रमाणातही बियांना जागे करते. राब भाजणाऱ्या बायामाणसांना हे रसायन ठाऊक नव्हते. त्यांच्या अनुभवात मात्र तथ्य असू शकते, एवढे कबूल करायला हवे.

याच राबावरून एकोणिसाव्या शतकात ठाणे-कुलाब्याकडे मोठा वाद पेटला होता. झाडांच्या फांद्या छाटल्याने जंगल खुरटते, म्हणून वनखात्याला राब नको होता. राबावाचून भात होत नाही असे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. 1885 मध्ये सरकारने नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे हा प्रश्न आला. त्या वादातील सरकारची अरेरावी बाजूला ठेवली तरी एक खरी अडचण उरते, आणि ती आजही जशीच्या तशी आहे: जाळायला जे लागते ते येते कुठून?

या प्रश्नाचे मोठ्या आकारातले रूप म्हणून कर्नाटकातल्या भद्रावतीकडे पाहावे. 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुढे म्हैसूरचे दिवाण झाले आणि त्यांच्या प्रयत्नांतून भद्रावतीचा लोखंड कारखाना उभा राहिला. 1923 मध्ये त्याची भट्टी पेटली. दगडी कोळसा जवळ नव्हता, म्हणून भट्टीला लाकडी कोळसा लागे. कोळसा करताना निघणारा धूर वाया जाऊ नये म्हणून तिथे लाकडाच्या ऊर्ध्वपातनाचा मोठा विभाग उभारला गेला, आणि अॅसिटेट, मिथेनॉल, डांबर ही उत्पादने त्यातून निघत. अभियांत्रिकी म्हणून ती योजना देखणी होती, कारण धुराचा थेंबही फुकट जात नव्हता. पण त्या थेंबामागे भोवतालच्या मलनाडाचे जंगल उभे होते. भट्टी कितीही काटकसरी असली तरी तिच्या तोंडी उभे झाड जात असेल, तर तिची काटकसर जंगलाच्या उपयोगाची नाही. आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याला कोळसाभट्ट्यांवर राबलेल्या कातकरी कुटुंबांची कहाणी तर याहून कडू आहे. उचल घेऊन वर्षानुवर्षे बांधले गेलेले ते लोक धूर छातीत भरून घेत कोळसा काढत आले. कोळसा शहरात गेला आणि कर्ज त्यांच्याकडे राहिले. पर्यावरणाच्या हिशेबात माणसाचे फुप्फुस आणि त्याचे स्वातंत्र्य धरले नाही, तर तो हिशेब खोटा.

याला दुसरी वाट आहे, हे पुण्यात दिसले. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेने, म्हणजे अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, उसाचे पाचट कोळशात बदलणारी भट्टी तयार केली. शेतात जाळून टाकायचे पाचट बंद पिंपांत भरून तापवायचे, निघणारा ज्वालाग्राही वायू भट्टीतच जाळायचा आणि कोळशाच्या भुकटीच्या कांड्या करायच्या. 2002 मध्ये या कामाला इंग्लंडचा अॅश्डन पुरस्कार मिळाला. त्या भट्टीतला महत्त्वाचा विचार असा की, कच्चा माल झाड तोडून आणायचा नाही. जे एरवी उघड्यावर जळणारच होते तेच घ्यायचे. द्राक्षाच्या काड्या, डाळिंबाची छाटणी, तुरीच्या तुऱ्हाट्या, मक्याची कणसे सोलून उरलेली बुरकुंडे या साऱ्यांना हा विचार लागू पडतो.

आता शेतीतील उपयोगाकडे वळू. पूर्व आशियात वुड व्हिनेगर भरपूर पाण्यात मिसळून, दोनशे ते पाचशे पट पातळ करून, पानांवर फवारण्याची रीत आहे. जमिनीला द्यायचे तर प्रमाण वेगळे असते. पातळ द्रावणाने मुळे वाढतात, बी लवकर रुजते, काही बुरशींना आळा बसतो, असे प्रयोगांत आढळले आहे. तोच द्रव घट्ट दिला तर तो तणनाशकासारखा वागतो आणि पान करपते. त्याच्या वासाने काही किडी दूर पळतात. शेणखताच्या ढिगात घातल्यास दुर्गंधी कमी होते. फिनलंडमध्ये बर्च झाडापासून मिळणाऱ्या डांबरतेलावर कृषी संशोधकांनी नेटाने काम केले. गोगलगायी आणि शंखी या तेलाचा पट्टा ओलांडत नाहीत, हे त्यांनी दाखवलेच. आणि तेवढ्यावर न थांबता त्याचा मातीतील जिवांवर आणि पाण्यातील जिवांवर काय परिणाम होतो, याच्याही चाचण्या घेतल्या. मला या कामाचा तो दुसरा अर्धा भाग अधिक मोलाचा वाटतो. गोगलगाय पळते एवढे पाहून बाजारात जायला त्यांना कोणी अडवले नव्हते.

धोका कुठे आहे, हेही सांगितले पाहिजे. धूर आणि कर्करोग यांचा संबंध माणसाला अडीचशे वर्षांपासून माहीत आहे. 1775 मध्ये पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणारा कर्करोग काजळीमुळे होतो, असे नोंदवले. 1915 मध्ये जपानचे यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना दगडी कोळशाचे डांबर महिनोन्महिने चोळून कर्करोग घडवून दाखवला. या मागचे गुन्हेगार पुढे ओळखले गेले: अनेक कड्या एकमेकींत गुंतलेली, म्हणजे बहुवलयी, सुगंधी कर्बसंयुगे, ज्यांत बेंझोपायरिन सर्वांत कुप्रसिद्ध. लाकडाच्या पायरोलिसिसमध्येही ती तयार होतात. आच जसजशी चढते तसतशी अधिक. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि डांबराला चिकटून राहतात. म्हणूनच जुन्या जाणकारांनी घालून दिलेले नियम सोपे दिसले तरी त्यांना रसायनशास्त्राचा आधार आहे. धुराच्या तोंडाशी तापमान साधारण ऐंशी ते दीडशे अंशांच्या दरम्यान असेल तेव्हाचाच द्रव धरायचा, त्याच्या आधीचा आणि नंतरचा सोडून द्यायचा. मग तीन ते सहा महिने निवळू द्यायचा, मधलाच थर घ्यायचा आणि डांबराचा अंश त्यात येऊ द्यायचा नाही. जो माणूस आज भट्टी लावतो आणि आठ दिवसांत बाटली भरतो, त्याने नियम मोडला असे म्हणून भागणार नाही. त्याने वेगळीच वस्तू विकली.

युरोपने अलीकडे घेतलेला एक निर्णय द्राक्षवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. मांस, चीज, चिप्स यांना धुराची चव देणारे अर्क लाकडाच्या पायरोलिसिसमधूनच येतात आणि ते शुद्ध करून वापरले जातात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये अशा आठ अर्कांचा निवाडा दिला: सहांमध्ये जनुकांना इजा करण्याचा धोका आढळला आणि उरलेल्या दोनांत तो नाही असे म्हणता येईना. 2024 मध्ये युरोपीय संघाने त्यांची परवानगी पुढे चालू ठेवायला नकार दिला. खाण्यात घातलेला अर्क आणि पाचशे पट पातळ करून छाटणीनंतर फवारलेला अर्क यांत अंतर आहे, आणि एकाचा निकाल दुसऱ्याला सरसकट लावणे न्यायाचे होणार नाही. तरी जो समाज आपल्या जेवणातल्या धुराकडे इतक्या बारकाईने पाहतो, तो आपल्या द्राक्षावरच्या धुराकडे डोळेझाक करील, असे मानण्यात शहाणपण नाही.

जपानचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तो तर या द्रवाचा मायदेश. तिथे शेती रसायनांचा कायदा बदलल्यावर 2003 मध्ये नोंदणीवाचून वापरता येतील अशा निर्धोक वस्तूंची यादी ठरली. खाण्याचे व्हिनेगर, खाण्याचा सोडा आणि त्या-त्या भागातले मित्रकीटक तिच्यात आले. मोकुसाकु आले नाही. त्याचा निर्णय राखून ठेवला गेला. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या वस्तूबद्दलही, प्रत्येक भट्टीचा माल वेगळा असतो हे ओळखून, तिथल्या तज्ज्ञांनी घाई केली नाही. वापराचे वय आणि निर्धोकपणाचा पुरावा या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या.

नाशिकला हा धडा स्वतःच्या अनुभवातून मिळालेला आहे. 2010 मध्ये इथल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, बागाईतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढनियंत्रकाचे अंश सापडले आणि युरोपात माल अडला. तेव्हा निर्यातीआधीच्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हते. ज्याची तपासणी होत नाही ते नाहीच, असे धरून सारे चालले होते. त्या एका हंगामाने किती घरांचे कंबरडे मोडले, हे निफाड-दिंडोरीला विचारावे. आज युरोपात ज्या रसायनाची खास मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते. दोनशे संयुगांचा द्रव घडांवर मारणाऱ्याने ही ओळ दोनदा वाचावी.

दुसरा धडा तांब्याचा. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण 1885 मध्ये फ्रान्सच्या मियार्दे या शास्त्रज्ञाने केवडा रोगावरचा उपाय म्हणून जाहीर केले आणि द्राक्षबागा वाचल्या. पिढ्यान्‌पिढ्या ते सौम्य, जुने, विश्वासाचे औषध राहिले. पण तांबे हे मूलद्रव्य आहे; ते कुजत नाही, उडून जात नाही. युरोपातल्या जुन्या बागांच्या मातीत ते साचत गेले आणि गांडुळांना त्रास देऊ लागले. आता याची सांगड आपल्या काड्यांशी घाला. ज्या काडीवर वर्षभर बोर्डो आणि इतर औषधे बसली, तीच पिंपात भरून तापवली तर तांबे जळणार नाही, कोळशात उरेल; आणि तो कोळसा आपण जमीन सुधारण्यासाठी पुन्हा बागेत घालणार. काड्यांत बांधणीच्या प्लास्टिकच्या दोऱ्या, ठिबकच्या नळीचे तुकडे आले तर धुरात काय काय येईल, ते सांगायला नको. आंब्याच्या रानातल्या पाल्याचा द्रव आणि फवारलेल्या द्राक्षकाडीचा द्रव यांना एकच नाव देता येत नाही. काडी कोणत्या बागेतली, तिच्यावर शेवटची फवारणी कशाची आणि कधी, हे लिहून ठेवल्याशिवाय भट्टी पेटवू नये.

पाण्याचाही विचार करू. निफाडच्या बागांचे पाणी शेवटी गोदावरी-कादवेकडे उतरते, आणि त्यांच्या संगमाजवळचे नांदूर मध्यमेश्वर हे जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे, पाणथळ म्हणून जाहीर झाले. फिनॉलवर्गीय संयुगे मातीतले जिवाणू बऱ्यापैकी लवकर पचवतात. साचलेल्या पाण्यात मात्र तीच माशांना आणि पाणकिड्यांना भारी पडतात. म्हणजे शेतात सोसवणारा द्रव ओढ्यात सोसवेलच असे नाही. पिंप धुतलेले पाणी, तळाचे डांबर, बिघडलेला माल नाल्यात सोडून दिला, तर सेंद्रिय शेतीच्या नावाखाली आपण पाखरांचे पाणी नासवू. तसेच मधमाश्यांचे. चांदवड-येवल्याच्या कांदा-बियाण्याच्या प्लॉटांत डोंगळे फुलतात तेव्हा बी धरणे मधमाशीच्या येण्यावर अवलंबून असते. कीड पळवणारा वास मधमाशीलाही पळवतो का, हे आपल्याच शेतांत, आपल्याच ऋतूंत तपासायला हवे.

या साऱ्यावरून कोणी असा अर्थ काढू नये की मी आहे तेच चालू द्या म्हणतो आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयांत पडले. त्या मृत्यूंनंतर पर्याय शोधणे हे आपले कर्तव्यच आहे. पण ज्यांना एका बाटलीने फसवले त्यांच्या हाती दुसरी न तपासलेली बाटली देणे म्हणजे त्यांच्या गरजेचा गैरफायदा घेणे. तीनच्या आसपास सामू असलेला, मिथेनॉल आणि फॉर्माल्डिहाइड असलेला द्रव डोळ्यांत उडाला, उघड्या हाताने कालवला, तर तो इजा करणारच. तो नैसर्गिक आहे हे डोळ्याला कळत नाही. म्हणून हातमोजे, चष्मा आणि मुखपट्टी इथेही लागतील, आणि ते मजुराला मालकाने द्यायचे असतात.

कायदा याबाबतीत आंधळा नाही. कीड मारण्याचा किंवा आवरण्याचा दावा करून जे विकायचे त्याला 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. वाढीला मदत करणाऱ्या जैव-उत्तेजकांना 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणले गेले. दोन्हींपैकी कोणत्याच दारातून न येता बाटलीवर जैविक, हर्बल, रेसिड्यू-फ्री असे लिहून माल विकणे ही पळवाट आहे, आणि त्या पळवाटेची किंमत शेवटी शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर चढते. दुकानदाराच्या दाव्याला शेतकऱ्याने नोंदणी क्रमांक विचारावा. उत्तर मिळाले नाही तर तेच उत्तर समजावे.

माझे मत असे झाले आहे. लाकडाचा धूर द्रवात पकडणे ही चांगली गोष्ट आहे. उघड्यावर काड्या जाळण्यापेक्षा तर ती शतपटींनी चांगली. राबाने, पाताळयंत्राने, पाचटाच्या भट्टीने आपल्याला हे शिकवले आहे की आग आवरली तर ती देते. पण तिचे देणे स्वीकारताना चार गोष्टींवर तडजोड नको. माल वायाच जाणारा असावा, उभे झाड नसावे. आच आणि धूर मोजलेला असावा, डांबर पूर्ण वेगळे केलेले असावे. भट्टीवरच्या माणसाच्या छातीत धूर जाऊ नये आणि त्याच्या डोक्यावर उचलीचे ओझे नसावे. आणि प्रत्येक खेप प्रयोगशाळेत तपासलेली असावी, निदान बहुवलयी कर्बसंयुगे, मिथेनॉल आणि तांबे यांसाठी. या चारांतली एक जरी ढळली तरी ती बाटली दुकानात राहू द्यावी.

हे काम एकट्या बागाईतदाराचे नाही. पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र अंशांची तपासणी कशी करायची ते जाणते, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे शेते आणि मृदाशास्त्रज्ञ आहेत, आणि द्राक्ष बागाईतदार संघाकडे पिढ्यांचा अनुभव आहे. या तिघांनी मिळून नाशिकच्या काडीची, नाशिकच्या मातीत आणि गोदावरीच्या पाण्यात, निदान तीन हंगाम परीक्षा घ्यावी आणि निकाल चांगला असो वा वाईट, मराठीत छापून गावोगाव वाटावा. तोवर ज्याला वापरून पाहायचे आहे त्याने छाटणीनंतरच्या उघड्या वेलीवर, मोजक्या ओळींवर, पातळ करून, शेजारी न फवारलेली ओळ ठेवून पाहावे. मणी धरल्यावर घडाला हात लावू नये. आणि काय मारले, किती मारले, कुठून आणले, याची वही ठेवावी. उद्या युरोपने प्रश्न विचारला तर उत्तर त्या वहीतूनच द्यावे लागणार आहे.